सोबतीने चाललेली चार पावले



आम्हा अचलपूरकरांच्या वाट्याला इतर गावांपेक्षा एक टाळेबंदी अधिक आली. पहिली २५ मार्च २०२० पासूनची, साऱ्या देशाची. दुसरी मात्र आमच्या घरची. राज्याचा बहुतेक भाग उघडा असताना २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री आठ वाजता अमरावती आणि अचलपूर ही शहरे बंद झाली. आधी १ मार्चपर्यंत, मग ८ मार्चपर्यंत. त्यानंतर एप्रिलमध्ये राज्यभराची टाळेबंदी आली, ती वेगळीच. आज त्या दिवसांची आठवण काढतो आहे ती दुःख उगाळण्यासाठी नाही. त्या रिकाम्या दिवसांत आपल्यापैकी काही जणांना एक चांगली सवय लागली होती. ती बहुतेकांची सुटली, आणि ती पुन्हा लागावी अशी माझी इच्छा आहे.

त्या काळात ज्येष्ठांना एकच गोष्ट शंभरदा सांगितली गेली : घरात राहा. सांगणे योग्यच होते. परंतु अनेक घरांत त्याचा अर्थ ‘बसून राहा’ असा घेतला गेला. मुलांनी प्रेमापोटी आईला खुर्चीत बसवले, वडिलांना पलंगावर. पाण्याचा पेलाही हातात दिला. घरात राहणे आणि बसून राहणे यांत किती अंतर आहे, ते पुढे दवाखान्यात दिसले. ज्यांना करोनाचा स्पर्शही झाला नव्हता अशी माणसे येत आणि खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार शोधत. ताप नाही, खोकला नाही. पायांतली शक्ती तेवढी गेलेली.

असे का होते, ते समजून घेऊ. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू वापरात राहिले तरच टिकतात. तरुण माणसाचे गेलेले बळ लवकर परत येते, साठीनंतर ते सावकाश येते. अमेरिकेत काही निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले गेले. २००७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू झिजला होता. ही सारी धडधाकट माणसे होती. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे जेवण कमी आहे, त्यांच्याबाबतीत झीज याहून जास्त होईल असेच धरून चालावे. शिवाय चालताना पोटरी आकुंचन पावते आणि पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलते. दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्यांच्या घोट्यांना संध्याकाळी सूज येते, त्याचे एक कारण हेच.

आता चांगल्या सवयीकडे येतो. माझ्या रुग्णांत एक आजी आहेत, पंढरीच्या वारकरी. २०२० साली पायी वारी झाली नाही. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेची पालखीसुद्धा त्या वर्षी बसने गेली. आजींनी अंगणातल्या तुळशीवृंदावनाभोवती चालायला सुरुवात केली. फेऱ्यांचा हिशेब राहावा म्हणून दोन वाट्या घेतल्या. प्रत्येक फेरीला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. सकाळी एकवीस, संध्याकाळी एकवीस. पुढे तपासणीला आल्या तेव्हा रक्तदाब ताब्यात होता आणि चाल पूर्वीइतकीच सरळ. मला म्हणाल्या, “वारी चुकली, पन चालनं नाही चुकलं.” अंगण नसलेल्यांनी गच्ची धरली, गच्ची नसलेल्यांनी ओसरी. रस्ते बंद होते तोवर एवढेच शक्य होते, आणि तेवढे पुरेसेही होते.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. टाळेबंदीने इथली अनेक कामे थांबवली. फिनले मिल मार्च २०२० पासून थांबली, बाजारपेठ थांबली, हमाली थांबली. काम गेलेल्या घरांतली चिंता मी पाहिली आहे. फिरायला गेल्याने पगार येत नाही, हे मला ठाऊक आहे. अशाच काम थांबलेल्या एका गृहस्थांनी, निर्बंध सैल झाल्यावर, आपल्या सत्तरीतल्या वडिलांना घेऊन सकाळी फिरायला जायला सुरुवात केली. आयुष्यभर पाळ्यांचे काम; वडील झोपलेले असताना जायचे, झोपल्यावर यायचे. बापलेक एका वाटेने चालले असे वीस वर्षांत घडले नव्हते. आठवड्याभराने ते एकटेच माझ्याकडे आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, बाबाचा उजवा हात चालतानी हालतच नाही. आन् पावलं लहान लहान पडतात.”

वडिलांना तपासले. तो कंपवाताचा आरंभ होता. हाताला कंप अजून नव्हता, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आले नव्हते. सारे ‘वयामुळे सुस्तावले’ असेच समजत होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी निदानावर शिक्कामोर्तब केले, औषधे सुरू झाली, आणि पडून खुब्याचे हाड मोडण्यापूर्वी आजार उघडकीस आला. हा आजार यंत्राने हेरला नाही. वडिलांच्या बाजूने चालणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी हेरला.

म्हणून काळजीवाहू वाचकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्येष्ठांना ‘जा, फिरून या’ असे सांगू नका. आठवड्यातून निदान दोनदा त्यांच्या सोबत चाला. चालताना माणसाचे सारे शरीर एकाच वेळी काम करते : हृदय, फुप्फुसे, सांधे, मेंदू, डोळे, कान. पलंगावर बसलेल्या माणसात जे लपते, ते चार पावलांत दिसते. पुढील गोष्टींकडे लक्ष असू द्या.

दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर जातो, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. चढावर छातीत दडपण येते, जबड्यात किंवा हातात कळ जाते, तर चालणे तिथेच थांबवा आणि विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्या. पूर्वी एका दमात जाणारे अंतर आता दोनदा थांबून होते, तर हृदय, फुप्फुसे आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे. एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणे असेल तर तेल लावून चोळू नका, आधी दाखवा. चाळीस वर्षे वहिवाटीच्या वळणावर ‘इकडे की तिकडे’ असा प्रश्न पडू लागला, तर तेही मला सांगा. चेष्टेवारी नेऊ नका. बोलणे एकाएकी अडखळले, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला, तर घरी न नेता थेट रुग्णालय गाठा.

हे तत्त्व करोनाकाळात आपण सर्वांनी वापरलेही आहे. बोटाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायूची पातळी बघायची, घरातल्या घरात सहा मिनिटे चालायचे, साठीपुढच्यांनी तीनच मिनिटे, आणि पुन्हा बघायची. पातळी ९३ च्या खाली गेली किंवा तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरली तर धोका. स्वस्थ बसलेल्या रुग्णाचे लपलेले दुखणे चालण्याने उघडे होई. ऑक्सिमीटर आता कपाटात गेला असेल, पण चालण्याची ती कसोटी अजून आपल्या हाती आहे.

सारखे आजाराचेच पाहत चालले तर चालण्यातला आनंद जाईल. तोही औषधाइतकाच मोलाचा आहे. फेब्रुवारीतल्या त्या टाळेबंदीनंतर जे पहाटे बाहेर पडले, त्यांना संत्र्याच्या बागांतून आंबिया बहराचा वास आल्याचे आठवत असेल. हा बहर दरवर्षी येतो, आपण नेमके त्या वेळी मोटारसायकलवर असतो. त्याच सुमारास पळस पेटतो. चैत्रात निंबाचा बारीक मोहर वाटेवर सांडतो. हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची, गाविलगडाच्या डोंगरांची रांग स्पष्ट दिसते. हे पाहायला तिकीट लागत नाही.

आणि आपल्या गावात पाहण्यासारखे काय आहे, असे म्हणू नका. ज्यांना गाडीने तिथवर जाऊन थोडे फिरता येईल त्यांनी हौज कटोरा पाहावा. पाण्याच्या हौदात मधोमध उभा असलेला तो अष्टकोनी मनोरा एलिचपूर ही वऱ्हाडची राजधानी होती त्या काळाची आठवण देतो. जवळ राहणाऱ्यांनी दुल्हा दरवाज्यापर्यंत जावे. नातवाला शकुंतला रेल्वेच्या स्थानकाकडे न्यावे. १९१३ पासून मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंतचे ७६ किलोमीटर ही अरुंद रुळांची गाडी डुलत डुलत येत असे. ती किती सावकाश चालायची, कोण कोण वाटेत चढायचे, टोपलीत काय असायचे, हे आजोबांना विचारा. ऐकणाऱ्याला गोष्ट मिळते आणि सांगणाऱ्याच्या स्मृतीला व्यायाम. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाशी ‘जेवलात का, गोळी घेतली का’ एवढेच बोलणे उरले आहे, तिथे अशी एक फेरी फार काही करून जाते.

वऱ्हाड ही मुळात चालणाऱ्यांची भूमी. महानुभावांनी अटन हा आचाराचा भाग मानला. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले. आपल्या आजोबा-पणजोबांनी बाजार आणि यात्रा पायीच केल्या. तेव्हा चालणे ही शहरी टूम आहे, असे कुणी म्हणू नये.

आता थोडे व्यवहाराचे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये, महामारीच्या ऐन भरात, सुधारित सूचना दिल्या. त्यानुसार ज्येष्ठांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. आकडा पाहून घाबरू नका. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात पाच मिनिटेच चालावे. गती किती असावी? चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बळासाठी भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीतून पाच ते दहा वेळा सावकाश उठावे, बसावे. तोलासाठी ओट्याला किंवा कठड्याला हात लावून एका पायावर क्षणभर उभे राहावे. जवळ कुणीतरी असावे.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मेमध्ये सूर्य वर येण्यापूर्वीच घरी परतावे. संध्याकाळी ऊन उतरले तरी रस्ता तापलेला असतो. निघण्यापूर्वी पाणी, आल्यावर ताक किंवा पन्हे; मधुमेहींचे पन्हे गुळाविना. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असणाऱ्यांनी आणि हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिणाऱ्यांनी उन्हाळ्यात आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे. अंथरुणातून उठताच चालू लागू नये. आधी मिनिटभर काठावर बसावे, मग उभे राहावे.

मधुमेहींनी अनवाणी चालू नये, गवतावरसुद्धा. परतल्यावर तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर सुनेने, नातीने पाहावेत. खिशात साखरेची पुडी असावी. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारले तर तीन चमचे साखर लगेच खावी. काठीची लाज वाटू देऊ नका. गुडघा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत येईल एवढीच तिची उंची असावी. ताप असेल, आजारातून नुकते उठले असाल, तर विश्रांती घ्या आणि विचारून सुरुवात करा.

ज्यांना चालताच येत नाही त्यांचे काय? त्यांना दारापर्यंत आणा. ओट्यावर खुर्ची ठेवा. बसल्या जागी घोटे वर-खाली करू द्या, गुडघा सरळ करून पाच आकडे मोजू द्या. रस्त्यावरची वर्दळ, शेजाऱ्याची हाक, भाजीवाल्याशी घासाघीस हीसुद्धा जगाशी जोडलेली राहण्याची साधने आहेत.

शेवटचे सांगणे रुग्णांची सेवा करणाऱ्या सुनांना, लेकींना, पत्नींना. तुम्हीही बाहेर पडा. रोज पंधरा मिनिटे, एकट्याने किंवा मैत्रिणीबरोबर. त्या वेळेत आजारी माणसापाशी दुसऱ्या कुणीतरी बसावे, हे घरातल्यांनी आपणहून ठरवावे. सेवा करणारे माणूस खचले तर सारे घर खाटेला लागते, हे मी पुष्कळ पाहिले आहे.

पुढच्या अंकापर्यंत एवढेच करा. घरातल्या ज्येष्ठ माणसाबरोबर एकदा कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि त्यांच्या गतीने परत या. वाटेत काय दिसले, त्यांच्या चालीत काही निराळे वाटले का, ते आल्यावर कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो कागद गोळ्यांच्या पिशवीबरोबर न्या. आम्हाला तो उपयोगी पडतो.