कॅम्परवाल्यांना गावातून हाकलू नका, वाळूवरून उठवा

गेल्या काही हंगामांत आपल्याकडे एक नवीन पाहुणा दिसायला लागलाय. गाडीतच पलंग, गॅसचा ओटा, पाण्याची टाकी आणि काहींच्या गाडीत संडाससुद्धा. कोणी तयार मोटरहोम भाड्याने आणतं, कोणी टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करून आणतं. पुण्या-मुंबईहून निघायचं, रेवस-रेडी सागरी महामार्ग धरायचा आणि रमतगमत गोव्याकडे उतरायचं, असा बेत असतो. बेत झकास आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. साधारण ५०० किलोमीटर रस्ता, मध्ये खाड्या, फेरीबोटी, किल्ले, माडाच्या वाड्या. हौस करावी तर अशीच.

आणि किनारा धरून जायचं म्हटलं की गुहागर तालुका टळत नाही. दापोलीकडून आलेली गाडी दाभोळला बोटीत चढते आणि वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरते. पुढे हेदवी-वेळणेश्वर करत तवसाळला पुन्हा बोट, पलीकडे जयगड. दोन खाड्यांच्या मध्ये आपण. संध्याकाळची शेवटची बोट चुकली की मुक्काम आपल्याकडेच.

मुक्काम कुठे, हा खरा वाद आहे. पाहुण्याला सकाळी दार उघडल्यावर समोर समुद्र हवा असतो. मग गाडी सुरूच्या बनात, नाहीतर थेट वाळूवर. गावच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, हाकला यांना. दुसरा म्हणतो, असू दे रे, चार पैसे मिळतात. दोघेही त्या गाडीच्या खालच्या टाकीबद्दल बोलत नाहीत.

टाकीचं सांगतो. अशा गाडीत दोन प्रकारचं घाण पाणी साठतं. एक भांडी-आंघोळीचं, दुसरं संडासाचं. शे-दीडशे लिटर पाणी भरून घेतलं तर तेवढंच कुठेतरी सोडावं लागणार. सोय नसली की ते रात्री ओहोळात जातं. आपली जमीन जांभ्याची, भोकाभोकांची. वरून ओतलेलं पाणी खाली विहिरीपर्यंत जायला किती वेळ लागतो हे विहीर खणणाऱ्याला विचारा. त्यात एप्रिल-मे आला की कितीतरी वाड्यांत पाण्याची रड. तेव्हा एका वाडीवाल्या काकांनी मला सरळ विचारलं, "यांना टाकी भरून देऊ, मग पोफळींना काय घालू?" प्रश्न बरोबर आहे. पाणी मोजून आणि पैसे घेऊनच द्यायला हवं.

वाळूचं तर विचारूच नका. भरतीत गाडी रुतली की ट्रॅक्टर आणा, दोर आणा, व्हिडीओ काढा, हे दर हंगामाला चालतं. ते हसण्यावारी जाईल. पण आपला किनारा ऑलिव्ह रिडले कासवांचा आहे. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या अंडी घालायला रात्री वर येतात आणि पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत राहतात. म्हणजे पर्यटनाचा आणि कासवांचा हंगाम एकच. गाडीचा दिवा दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरू शकते. पिल्लं उजेडाकडे धावतात, ती समुद्राऐवजी गाडीकडे येतील. चाकाची खोल चाकोरी आपल्याला किरकोळ, तळहाताहून लहान पिल्लाला ती भिंत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला कासवं वाचवायचं काम सुरू केलं, आता तीच कासवं बघायला लोक पैसे मोजून कोकणात येतात. आणि आपण त्याच वाळूवर गाड्या उभ्या करू द्यायच्या?

गोव्याने २०१९ मध्ये कायद्यात बदल करून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना दंड लावला. दंड हवाच. पण नुसत्या दंडाने गाडी पुढच्या गावच्या किनाऱ्यावर जाते, बास.

महाराष्ट्र सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्येच आलंय. कॅराव्हॅन पार्कची कल्पना त्यात आहे, खासगी जमिनीवरही करता येते. जागा किनाऱ्यावर कशाला हवी? सीआरझेडचं झंगट मागे लावून घेण्यापेक्षा एखाद किलोमीटर आत, रस्त्याला लागून असलेली आमराई बघा. सड्यावरून समुद्र झकास दिसतो हे खरं, पण फेब्रुवारीनंतर तिथलं गवत म्हणजे काडीपेटीच. वणव्यात कलमं गेलेल्यांना हे सांगायला नको. सड्यावर करायचं असेल तर भोवतीचं गवत आधी कापा आणि शेकोटीला सक्त मनाई ठेवा.

लागतं काय? सहा-सात गाड्यांपुरती सपाट जागा, विजेचा मीटर, पाण्याला मोजमाप, दोन स्वच्छ संडास आणि विहिरीपासून लांब, नीट बांधलेली सेप्टिक टाकी. गाडीतल्या संडासात लोक जे औषध टाकतात ते भरमसाट गेलं तर टाकीतले जंतू मरतात, म्हणून त्याचीही विचारपूस आधीच करा. रात्रीचं भाडं घ्या, पावती द्या. सकाळी घावणे-चटणी घरचीच.

प्रवासाला निघणाऱ्यांनाही सांगतो. गाडी ठरवतानाच लांबी-उंची विचारा, वाडीतल्या वळणांवर समोरून एसटी आली की मोठ्या गाडीला मागे जायलाही जागा नसते. बोटीवर ती चढेल का आणि शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा. आणि मुक्कामाची जागा घेताना समुद्र किती लांब हे विचारायच्या आधी टाकी कुठे रिकामी करायची ते विचारा. उत्तर गोलमाल आलं तर पुढे चला.

या खाड्यांवर पूल झाले की गाड्या किती वाढतील त्याचा अंदाज करा. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहेत. किनाऱ्यालगतच्या एखाद्या ग्रामपंचायतीने वाळूवर गाडी बंद आणि आत कॅम्पची जागा, असे दोन्ही ठराव एकाच दिवशी घेतले तर मला कळवा. मी बातमी करायला येतो.