वीरपत्नी होण्यापूर्वी

दर वर्षी 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला आपल्या भागात कुठे ना कुठे वीरपत्नींचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ आणि दोन-तीन भाषणे. असे सत्कार व्हावेत, याबद्दल दुमत नाही. परंतु त्या व्यासपीठावर बसण्यासाठी बाईला आधी विधवा व्हावे लागते. नवरा धडधाकट सीमेवर उभा आहे आणि इकडे घर, शेत, सासू-सासरे, पोरांची शाळा ती एकटी ओढते आहे, अशा बाईला आपल्याकडे नाव नाही. ‘मिलिटरीवाल्याची बायको’ एवढीच तिची ओळख. हे म्हणतानाही स्वरात थोडा हेवा असतो. हिला काय कमी आहे, कँटीन आहे, पेन्शन आहे!

मी स्वतः अशीच एक बायको आहे आणि याच महाविद्यालयात बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला शिकते. म्हणून हे लिहिण्याचे धाडस.

बेळगावला लष्कर नवे नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथेच आहे. पहाटे कॅम्पातून धावणारे रिक्रूट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहेत. बेळगाव, खानापूर, चंदगड या तालुक्यांत फौजी नसलेली गल्ली शोधावी लागेल. तरी या घरांत काय चालते याची चौकशी आपण क्वचितच करतो.

रजेचेच पाहा. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. ऐकणाऱ्याला वाटते, तीन महिने नवरा घरी! पण ही रजा तुकड्यांनी आणि मिळेल तेव्हा मिळते. मिळाली की त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. भाताची लावणी, नणंदेचे लग्न, गणपती, गावची जत्रा, भावकीतला बांधाचा वाद. या सगळ्यांतून उरलेला नवरा बायकोच्या वाट्याला येतो, तोवर ट्रंक भरायची वेळ झालेली असते. धाकटे मूल तर पहिले चार दिवस बापाजवळ जातच नाही.

पूर्वी पत्रावर ‘56 ए. पी. ओ.’ किंवा ‘99 ए. पी. ओ.’ एवढाच पत्ता असे. नवरा कुठल्या डोंगरावर आहे, हे त्या आकड्यावरून कळायचे नाही. आता मोबाइल आला, काळजीची तऱ्हा बदलली. पत्र दहा दिवसांनी यायचे, त्यामुळे दहा दिवस माणूस धीर धरी. आता दोन दिवस फोन लागला नाही की सासूबाई देवापाशी बसतात. पीस पोस्टिंग मिळाले तर कुटुंब नेता येते. पण क्वार्टरसाठी यादी, आणि पोरांना मराठी शाळेतून उचलून हिंदीत टाकायचे. म्हणून बऱ्याचजणी गावीच राहतात.

परंतु सर्वांत मोठा जाच कागदांचा आहे, आणि तो आपल्या सीमाभागात दुप्पट आहे. जवानाचे लग्न झाले, मूल झाले की त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये व्हावी लागते. पुढे पेन्शनच्या कागदावर बायकोचे नाव चढते ते या नोंदीवरून. आता आपल्याकडची रीत पाहा. समजा, माहेरची सुरेखा लग्नात लक्ष्मी झाली. शाळेचा दाखला मराठीत, त्यावर सुरेखा. रेशन कार्ड कन्नडमध्ये, त्यावर लक्ष्मव्वा. बँकेत कारकुनाने लिहिले लक्ष्मीबाई. आणि फौजेच्या इंग्रजी नोंदीत स्पेलिंग चौथेच. नवरा हयात आहे तोवर कुणाचे अडत नाही. तो गेला की या चौघी एकच बाई आहेत, हे सिद्ध करण्याचे काम तिच्या गळ्यात पडते. ज्या दिवसांत तिला धड जेवण जात नाही, त्याच दिवसांत. प्रतिज्ञापत्र करा, तलाठ्याकडे जा, पुन्हा या. एका कचेरीत माझ्या ओळखीच्या बाईला विचारले गेले, ‘तूच त्याची बायको कशावरून?’ घरात तीन मुले होती. आणखी कोणता पुरावा द्यायचा?

सरकारी नियमही समाजाच्याच मनाने चालतात. पराक्रमाचे पदक मिळवलेल्या सैनिकाच्या विधवेने पुन्हा लग्न केले तर पदकाचा भत्ता चालू राहायचा तो दिराशी लग्न केले तरच. ही अट उठली 2017 साली! इतकी वर्षे हे कुणाला खटकले नाही, याचेच मला नवल वाटते. 2022 पासून अग्निवीर आले. चार वर्षांनी त्यांतले 25 टक्क्यांपर्यंतच कायम होणार आणि बाकीचे पेन्शनशिवाय परतणार. त्यांच्याशी संसार मांडणाऱ्या मुली आज कदाचित आपल्याच वर्गात बसल्या असतील.

आपल्याकडे एन. सी. सी. आहे, एन. एस. एस. आहे. झाडे लावतो, रस्ते झाडतो, छान आहे. पण एखाद्या रविवारी पाच-सहाजणांनी गावात बसून फौजी घरांतले कागद नुसते एकमेकांशी ताडून पाहिले, नावातला फरक नवरा नोकरीत असतानाच त्याच्या युनिटला कळवायला लावला, तर पुढची कित्येक वर्षांची पायपीट वाचेल. मराठी विभागाला हे एकट्याने जमणार नाही. रेशन कार्ड आणि शेताचा उतारा वाचायला कन्नड विभागातले मित्र-मैत्रिणी लागतील, आणि त्यांच्या गावांतही असे फौजी आहेतच. खानापूरकडच्या एखाद्या गावापासून आरंभ करता येईल. जुलैत मात्र नको. तेव्हा या सगळ्या बायका भाताच्या चिखलात असतात.