दर्यापूरच्या कोर्टात तिला काय विचारले जाईल?

२५ जुलै २०२५ रोजी दर्यापुरात दिवाणी व फौजदारी न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. उद्घाटक होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई. तालुक्यातले दारापूर हे त्यांचे मूळ गाव, त्यामुळे वऱ्हाडाला त्या दिवसाचे अप्रूप वाटणे साहजिक होते. गवईंचा सहभाग असलेल्या एका आदेशाची आठवणही यानिमित्ताने व्हायला हवी. १९ मे २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव, न्या. गवई आणि न्या. ए. एस. बोपन्ना यांच्या खंडपीठाने सांगितले की, घटनेच्या अनुच्छेद २१ने दिलेला सन्मानाने जगण्याचा हक्क देहविक्रय करणाऱ्या बाईलाही आहे.

या आदेशाचे मूळ १९९९ सालच्या कोलकात्यातल्या एका खुनात आहे. बळी गेलेली बाई धंदा करणारी होती. आरोपीची जन्मठेप कायम करून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला फाइल बंद करता आली असती. न्यायालयाने ती उघडी ठेवली, अशा स्त्रियांच्या जगण्याचा प्रश्न आपणहून हाती घेतला आणि ज्येष्ठ वकील प्रदीप घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२२चा आदेश त्या समितीच्या शिफारशींवर उभा आहे.

आता आपल्या बातम्यांकडे पाहू. लॉजवर छापा पडतो. दुसऱ्या दिवशी छापून येते: दलालाला अटक, दोन महिलांची सुटका. या ‘सुटका’ शब्दापाशी थांबायला हवे. पोलीस ज्याला पीटा म्हणतात त्या अनैतिक व्यापार प्रतिबंधाच्या १९५६च्या कायद्याखाली सोडवलेल्या बाईला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात. तिचे वय, चारित्र्य, पूर्वायुष्य आणि घरचे वळण यांची चौकशी होते. त्यानंतर तिला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते. तिच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नसतो, अनेकदा तो दाखलही नसतो. ज्या दारातून आपल्या मर्जीने बाहेर पडता येत नाही, तिथे पोहोचवण्याला मराठीत सुटका म्हणत नाहीत.

हे नुसते कागदावर नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत मालाडला छाप्यात तीन तरुणी सापडल्या. वये २०, २२ आणि २३. त्यांच्या आया न्यायला आल्या, पण दंडाधिकाऱ्याने ताबा नाकारला. त्यांच्या समाजात ही प्रथाच आहे, मुली पुन्हा तिकडेच जातील, असे कारण दिले आणि वर्षभर उत्तर प्रदेशातल्या संस्थेत ठेवण्याचा हुकूम काढला. २४ सप्टेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. देहविक्रय हा मुळात गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. छाप्यापासून या निकालापर्यंत वर्ष उलटून गेले होते.

कायद्याची कलमे वाचली की स्त्रीवरचा अविश्वास ओळीओळीत दिसतो. दोन बायांनी सोबत राहून, एकमेकींच्या आधाराने, एका खोलीत धंदा केला तर ती खोली कुंटणखाना ठरते. आईच्या कमाईवर शिकणारा अठरा वर्षांवरचा मुलगा तिच्या कमाईवर जगणारा म्हणून आरोपी होऊ शकतो. रस्त्यावर गिऱ्हाईक शोधले तर बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि त्याच कलमाखाली पुरुषाला जास्तीत जास्त तीन महिने. स्वीडनने १९९९ मध्ये निदान विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. तो मार्ग बरोबर की नाही यावर वाद घालता येईल. आपल्या कायद्याने मात्र बाईलाच दुप्पट दोषी धरले आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी गंगा-जमुना ही वेश्यावस्ती बंद केली, तेव्हा अल्पवयीन मुली तिथे आणल्या जातात हे कारण पुढे आले. मुलगी अल्पवयीन असेल तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. तिला बाहेर काढलेच पाहिजे आणि आणणाऱ्याला तुरुंगात घातले पाहिजे. पण बॅरिकेड लागले ते सगळ्या वस्तीला. वर्षानुवर्षे तिथे राहणाऱ्या सज्ञान बायांनी कुठे जायचे, काय खायचे, हे कुणी ठरवले नव्हते. विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोटे यांच्या कन्या ज्वाला धोटे त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या. अशा वेळी बायांच्या बाजूने उभे राहणारे राजकीय माणूस विरळाच.

गरिबीतून केलेली निवड खरी कशी, असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, पण तो एकाच बाईला का विचारायचा? खारपाणपट्ट्यात भर उन्हात निंदायला, कापूस वेचायला जाणारी मजूर बाईही हौसेने जात नाही. तिची मजुरी वाढावी म्हणून आपण भांडतो, तिला सुधारण्यासाठी कोंडून ठेवत नाही. सांगलीच्या गोकुळनगरमधल्या आणि आसपासच्या बायांनी १९९६ मध्ये संघटना उभारली. नाव ठेवले वेश्या अन्याय मुक्ती परिषद. आधी अन्यायातून मुक्त करा, धंद्याचे आम्ही पाहू, हे त्या नावातच आले.

कलंक कुठून येतो, ते मराठी भाषा सांगते. जुन्या मराठीत ‘रांड’ म्हणजे विधवा, आणि तोच शब्द वेश्येलाही. बायको गेलेल्या पुरुषाला विधुर म्हणतात, त्याची शिवी झाली नाही. नवऱ्याच्या ताब्यात नसलेली बाई, मग ती कुठलीही असो, भाषेने एकाच दावणीला बांधली. मे २०२२ मध्येच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्राने त्याचे मनापासून कौतुक केले. शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायांचे हाल पाहिलेल्या वऱ्हाडाला त्या ठरावाचे मोल वेगळे सांगायला नको. त्याच महिन्यात आलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाच्या वाट्याला तसे कौतुक आले नाही.

तो आदेशही अर्धाच लागू झाला आहे. छाप्यात बायांना अटक करू नये, आईपासून मूल तोडू नये, या शिफारशींवर केंद्राने आक्षेप घेतले, म्हणून त्या तातडीच्या अंमलबजावणीत आल्या नाहीत. जे बंधनकारक झाले ते तरी पाळायला हवे: अत्याचार झालेल्या बाईला तात्काळ वैद्यकीय मदत, कंडोमचा पुरावा म्हणून वापर नाही, बातमीत ओळख उघड करायची नाही, संरक्षणगृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा आढावा. विधी सेवा प्राधिकरणांनी या बायांना त्यांचे हक्क समजावणारी शिबिरे घ्यावीत, हेही त्यात आहे. अमरावती जिल्ह्यातले असे एक शिबिर दर्यापूरच्या नव्या इमारतीत व्हावे, आणि ठाणेदार व वार्ताहर यांनाही त्याचे निमंत्रण जावे.