ठराव नागपुरात, वाट बेळगावात

दरवर्षी डिसेंबरात सरकार नागपूरला येते. रस्त्यांना डांबर लागते, भिंतींना रंग लागतो, मोर्चे अडवले जातात आणि अधिवेशन आटोपले की सगळे मुंबईला परततात. हे अधिवेशन म्हणजे विदर्भावर उपकार नव्हेत. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात, एका महाराष्ट्रात येण्याच्या बदल्यात दिलेले ते वचन आहे. एकीकरणाची वचने पुढे कशी पाळली जातात, हे आम्हा नागपूरकरांना कुणी शिकवायला नको. म्हणूनच सीमाभागाच्या एकीकरणाची बोलणी सरकार कशी करते, हे विचारण्याचा आम्हाला अधिकार आहे.

१९ डिसेंबर २०२२ ला नागपुरात महाराष्ट्राचे आणि बेळगावात कर्नाटकाचे अधिवेशन एकाच दिवशी सुरू झाले. त्याआधी काय घडले? चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई हे समन्वयक मंत्री ६ डिसेंबरला बेळगावला जाणार होते, गेले नाहीत. तिकडे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगत होते. १४ डिसेंबरला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना एकत्र बसवले. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दावे करायचे नाहीत आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती करायची, असे ठरले. २२ डिसेंबरला कर्नाटकाने बेळगावात ठराव केला: एक इंचही जमीन देणार नाही. आपला ठराव आला २७ तारखेला, विरोधकांनी रेटा लावल्यावर. त्यात ८६५ गावे आहेत; बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी आहेत.

विरोधकांची टीका खोटी नव्हती. बोलणी करायला निघालेला माणूस उंबरठ्यावरूनच परतला, तर समोरच्याला त्याचे पाणी कळते. शिंदे सरकारचे तेच झाले.

पण टीका करणारे कोण होते? उद्धव ठाकरे २६ डिसेंबरला विधान परिषदेत म्हणाले, निकाल लागेपर्यंत हा भाग केंद्रशासित करा. मागणी रास्त आहे. पण त्याआधी अडीच वर्षे तेच मुख्यमंत्री होते! त्यांच्याच काळात, ३० एप्रिल २०२० ला विदर्भाच्या विकास मंडळाची मुदत संपली आणि ती तेव्हा वाढवली गेली नाही. विधानसभेत जाब विचारणारे विरोधी पक्षनेते अजित पवार जुलै २०२३ मध्ये त्याच शिंदे सरकारात उपमुख्यमंत्री झाले. बाक बदलला की आवाज बदलतो. महाजन आयोग १९६६ मध्ये महाराष्ट्राच्याच आग्रहाने नेमला गेला आणि १९६७ चा त्याचा अहवाल महाराष्ट्रानेच फेटाळला. २००४ मध्ये दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५६ मध्ये वाट पाहू लागलेल्यांच्या नातवंडांचे केस आता पिकू लागले आहेत.

यात आम्हा मुसलमानांचे काय, असे कुणी विचारील. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी डफावर थाप मारली त्यांत बार्शीचे शाहीर अमर शेख होते, हे त्यांना सांगा. आणि हेही सांगा की 'तुम्ही नक्की कुठले?' हा प्रश्न सीमाभागातल्या मराठी माणसाला जसा विचारला जातो, तसाच मराठीत लिहिणाऱ्या आम्हालाही विचारला जातो. निपाणी-बेळगावच्या ज्या मुसलमानाने शिरगणतीत मातृभाषा उर्दू लिहिली, तो मराठी-कानडी टक्केवारीत कुणाच्याच खात्यात नाही. महाराष्ट्र पाटसकर सूत्राचा आधार घेतो: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिल्या तिन्हींची मोजदाद नकाशावर आणि कागदावर होते. चौथी मोजायची तर माणसांजवळ जावे लागते. बेळगावच्या उंबरठ्यावरून परतणाऱ्यांना ती कशी कळणार?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मंत्र्यांच्या समितीने काय बोलणी केली, याचा लेखी हिशेब दरवर्षी नागपूरच्या अधिवेशनात मांडा. बाकावर कुणीही असो. निकाल लागायचा तेव्हा लागो, पण जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे सरकारी कागदपत्रे त्यांच्या भाषेत देण्याचे जे संरक्षण मान्य झालेले आहे, ते आजच मिळवून द्या. आणि तेच संरक्षण महाराष्ट्रातल्या कानडी आणि उर्दू भाषकांनाही द्या. आपल्या घरातल्या अल्पसंख्याकाला जे आपण देत नाही, ते शेजाऱ्याकडे कोणत्या तोंडाने मागणार?

ठराव एकमताने झाला, याचा आनंद आम्हालाही आहे. पण एकमत हे काम नव्हे. कामाचा हिशेब मागायला आम्ही दर डिसेंबरात इथेच, नागपुरात आहोत.