पालेभाजीला बाजार नाही म्हणणाऱ्यांना

अंबाडी, चुका, चवळीचा पाला, तांदुळजा यांच्या जिवावर अल्पभूधारकाचे भागणार नाही, असे हैदराबादेत छातीठोकपणे सांगितले जाते. आक्षेप तीन: गिऱ्हाईक नाही, माल टिकत नाही, आणि दोन एकरवाल्याने जुड्या बांधण्यापेक्षा कापूस लावावा. तिन्ही लंगडे आहेत.

गिऱ्हाईक नाही म्हणणाऱ्याने सकाळी मेहदीपट्टणमच्या रयतू बाजारात जावे. तिथे बायका देठ मोडून कोवळेपणा पाहतात आणि मगच गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, जुडी पिशवीत टाकतात. शेतकऱ्याने दलालाविना थेट विकावे म्हणूनच 1999 मध्ये हे बाजार सुरू झाले. गिऱ्हाईक आहे, कोरडवाहू गावातून पहाटे तिथे पोचायला गाडी नाही.

पाला लवकर कोमेजतो, हे मान्य. पण टोमॅटोही नासतो, म्हणून टोमॅटो लावू नका असे कोणी म्हणत नाही. शिवाय उरलेल्या अंबाडीचे लोणचे होते, तेही महिनोन्‌महिने टिकणारे.

राहिला कापूस. त्याचा पैसा हंगामाअखेर हाती येतो, आणि बोंडअळी पडली की तोही बुडतो. तांदुळजा महिनाभरात खुडायला येतो, खुडला की पुन्हा फुटतो. घरात आठवड्याला चार पैसे येतात. एकाच पिकावर न विसंबता झहीराबादच्या दलित बायकांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतून, म्हणजे बायकांच्या गावगटांतून, ज्वारी-तुरीत मिश्र पिके पेरली, गावोगावी बियाणे राखले. त्या संस्थेला 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

हिणवलेल्या पाल्यालाही शहरात बाजार मिळतो. चवळी आणि अंबाडी मुळात आफ्रिकेच्या. तिथे केनियात पांढरी तिळवण ही पालेभाजी गरिबाचे खाणे म्हणून हिणवली जात होती. आज छोटे शेतकरी ती लावतात आणि नैरोबीच्या सुपरमार्केटांत ती विकली जाते. आपण तीच तिळवण तण म्हणून उपटतो.

म्हणून मागणी साधी आहे. रयतू बाजारात या भाज्यांसाठी जागा राखून ठेवा, पहाटेची गाडी सुरू करा, शाळेच्या दुपारच्या जेवणासाठी पाला थेट गावातून घ्या, आणि बियाणे राखणाऱ्या बायकांना त्याचा मोबदला द्या. कोरडवाहू शेतकऱ्याला आठवड्याला रोख पैसा देणारे पीक त्याच्या बांधावर आधीच उभे आहे. सरकारने आणि शहराने त्याच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे.