विश्लेषण : जाळीचा तंबू घेताय? आधी त्याची खालची कड पाहा!

थंडी ओसरली की नाशिकमधील अनेक कुटुंबांची संध्याकाळ घराबाहेर सरकते. शहरात गच्ची, बंगल्यासमोरचे अंगण. दिंडोरी, निफाडकडे मळ्यातले खळे. सुट्टीला गंगापूर धरणाचा काठ किंवा त्र्यंबकच्या बाजूचे एखादे शेत. या बैठकीचा शत्रू एकच, डास. त्यावर उतारा म्हणून झटकन उघडणारे, चारही बाजूंनी जाळी असलेले घडीचे तंबू आता ऑनलाइन सर्रास मिळतात. जाहिरातीत त्यांचा आकार, रंग आणि ‘वॉटरप्रूफ’ हा शिक्का ठळक असतो. पण डास, साप आणि वारा हे तिघेही जिथून आत शिरतात ती जागा, म्हणजे जाळी आणि जमीन यांच्यातली फट, छायाचित्रात सहसा दिसत नाही. तंबूची निवड त्या फटीपासून सुरू व्हायला हवी.

हे तंबू कोणत्या प्रकारचे असतात?

ढोबळमानाने तीन. पहिला, पोलादी पट्टीच्या स्प्रिंगचा. पिशवीतून काढला की आपोआप उघडतो. बाळाची घडीची मच्छरदाणी आणि पलंगावर ठेवायची जाळी याच जातीची. वजनाला हलका, पण उंची कमी. दुसरा, पाच-सहा बाजूंचा. प्रत्येक बाजूच्या मध्यभागी असलेली मूठ बाहेर ओढली की ती बाजू ताठ होते. यात उभे राहता येते, खुर्च्या मावतात. तिसरा, चार पायांचा आणि कात्रीसारख्या उघडणाऱ्या सांगाड्याचा. वर कापडी छप्पर, बाजूंना जाळीचे पडदे. रस्त्यावरच्या प्रचार-स्टॉलवर दिसतो तोच, फक्त जाळी जोडलेला.

पहिला झोपण्यासाठी, दुसरा आणि तिसरा बसण्या-जेवण्यासाठी. ‘सहा माणसांचा’ असे लिहिलेले असले तरी ती माणसे खांद्याला खांदा लावून झोपलेली धरलेली असतात. शिवाय जाळीला टेकलेल्या हाताला डास बाहेरूनही चावतो. म्हणून चौघांच्या बैठकीला किमान दहा बाय दहा फुटांची जागा धरावी.

नाशिकमध्ये याची गरज कोणाला?

२०२४च्या पावसाळ्यात डेंग्यूने नाशिक शहराला बेजार केले होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास प्रामुख्याने दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतर आणि संध्याकाळी मावळतीच्या आधी त्याचा जोर अधिक असतो. आपली मच्छरदाणी मात्र रात्री दहाला पडते. दुपारी अंगणात किंवा ओट्यावर झोपवलेले तान्हे बाळ, बाजेवर आडवे झालेले आजोबा, साडेपाचच्या चहाला गच्चीवर जमलेले घर, यांच्यापैकी कोणीही तिच्या संरक्षणात नसते. घडीचा जाळीचा तंबू खरा उपयोगी पडतो तो या वेळेला.

मात्र तंबू आणला म्हणून डेंग्यूचा बंदोबस्त झाला असे मानणे धोक्याचे. एडिसची पैदास घरातल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होते : पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगितले जाते. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. त्यामुळे पाणी नुसते ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते. हे काम कुठलाही तंबू करणार नाही.

जाळी किती बारीक हवी?

इथे खरेदीदाराचा हमखास गोंधळ होतो, आणि द्राक्षपट्ट्यात तो जास्तच. मच्छरदाणीवरचा ‘१५६’ हा आकडा एका चौरस इंचातील छिद्रांचा असतो. म्हणजे एका बाजूला १२, दुसऱ्या बाजूला १३. शेतीसाठीच्या कीटकरोधक जाळीवरचा ‘४० मेश’ हा आकडा मात्र एका सरळ इंचातील छिद्रांचा. म्हणजे चौरस इंचात सुमारे १६००. त्यामुळे १५६ हा आकडा ४०पेक्षा मोठा दिसला तरी जाळी जाडीभरडीच असते.

डासासाठी १५६ पुरेशी आहे. पण चिलटे, केमरे आणि वाळूमाशी तिच्यातून आरपार जातात. वाळूमाशीकडे दुर्लक्ष करू नये. १९६५मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून ज्या विषाणूचे नाव पडले, तो मुख्यतः याच माशीमार्फत पसरतो आणि मुलांच्या मेंदूवर आघात करतो. २०२४च्या पावसाळ्यात त्याने शेजारच्या गुजरातेत मुलांचे बळी घेतले. मातीच्या भिंती, गोठा, शेणखताचा ढीग जवळ असेल तर बारीक जाळी घ्यावी. तिची किंमत मोजावी लागते ती वाऱ्याच्या रूपाने : छिद्र जितके बारीक, तितकी आत हवा कमी आणि उकाडा जास्त. वैशाखात सिमेंटच्या गच्चीवर ४० मेशच्या जाळीत बसवणार नाही. शहरातल्या गच्चीला साधी जाळी, गोठ्याजवळच्या खळ्याला बारीक, असा सरळ हिशेब ठेवावा.

कीटकनाशक लावलेली जाळी मिळते. ती घेतल्यास एक पथ्य पाळावे. ती गोदावरीत, विहिरीवर किंवा धरणाच्या काठी धुऊ नये. त्यातली द्रव्ये माशांना घातक असतात.

खालच्या कडेला एवढे महत्त्व का?

कारण बहुतेक तंबू तिथेच कमी पडतात. चार पायांच्या तंबूचे पडदे अनेकदा जमिनीपासून दोन-तीन बोटे वर लोंबतात. चुंबकाने मिटणारे दार मुलांच्या ये-जा करण्याने अर्धवट उघडे राहते. मग चारी बाजूंची जाळी उत्तम असूनही आत शिरलेला डास बाहेर जात नाही आणि बैठक त्याच्याच ताब्यात जाते. पडद्याला खाली वीतभर रुंद झालर हवी, जी जमिनीवर पसरून तिच्यावर विटा किंवा वाळूच्या लांबट पिशव्या ठेवता येतील. दाराला चेन हवी, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून ओढता येणारी.

मळ्यात रात्री झोपायचे असेल तर झालरही पुरत नाही; जाळीला शिवून जोडलेला अखंड तळच हवा. मण्यार हा रात्री फिरणारा साप. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्यांना तो चावतो, दंशाच्या खुणा आणि वेदना इतक्या किरकोळ असतात की माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास लागतो. तोवर अमूल्य तास गेलेले असतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. ही संख्या २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्राने मार्च २०२४मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. अशा वेळी नीट खोचलेली मच्छरदाणी किंवा शिवलेल्या तळाचा तंबू हा साधा, स्वस्त बचाव ठरतो. बिनतळाचा तंबू रात्री झोपायला वापरणे म्हणजे भिंती बांधून उंबरठा उघडा ठेवणे. संशय आला तरी १०८ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

गच्चीवर वारा सुटला तर?

मातीत खुंट्या ठोकता येतात, स्लॅबमध्ये नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी २० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे दोन किलो, ४० किलोमीटरला सुमारे साडेसात किलो. तीन मीटर लांब आणि दोन मीटर उंच ताडपत्रीचा एक पडदा असेल तर पहिल्या वेगाला १२ किलो, दुसऱ्याला ४५ किलोंचा रेटा. जाळीतून काही वारा निघून जातो; पण छपराखाली शिरलेला वारा सगळा सांगाडा उचलू पाहतो, आणि तिसऱ्या मजल्यावरून तो खाली कोणाच्या डोक्यावर जाईल ते सांगता येत नाही.

प्रत्येक पायाला किमान २० किलो वजन बांधावे. त्यासाठी पाण्याची उघडी बादली ठेवण्याची पद्धत दिसते, ती टाळावी. डासांपासून वाचण्यासाठी उभारलेल्या तंबूच्या चार पायांशी डासांच्याच चार पाळणाघरांची सोय होते. झाकणाचे कॅन किंवा वाळूची पोती उत्तम. सोलर हीटरच्या पाइपला दोऱ्या बांधू नयेत. सोसायटीची सामाईक गच्ची असेल तर आधी परवानगी घ्यावी.

आणि पाऊस?

कापडावर लिहिलेला ‘१५०० मिलिमीटर’ हा आकडा फक्त कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसते ते सांगतो. शिवणीतून, चेनमधून आणि जाळीतून येणारी तिरपी सर त्यात मोजलेली नसते. सपाट छपरावर पाणी साचते तेही धोक्याचे : एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो. मार्च-एप्रिलमधली अवकाळी आणि गारपीट द्राक्षबागायतदारांना चांगलीच ठाऊक आहे. आभाळ भरून आले की तंबू मिटवून घरात जावे. विजेपासून कापडी तंबू कोणतेही संरक्षण देत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप विजेचा इशारा देते. ते मोबाइलमध्ये असावे. घडीच्या तंबूचा खरा गुण झटकन मिटण्यात आहे. त्याला कायमचा मांडव समजून महिनोन् महिने उभा ठेवला तर उन्हाने कापड विरते आणि एखाद्या वावटळीत सांगाडा मोडतो.

आत काय टाळावे?

विस्तव. पॉलिएस्टरची जाळी पेट घेते, वितळते आणि वितळलेले थेंब कातडीला चिकटतात. शेगडी, चूल, गॅस, मेणबत्ती आणि डासांची कॉइलसुद्धा आत नको. भाकरी, वांग्याचे भरीत बाहेर व्हावे, पंगत आत बसावी. निफाडच्या थंडीत शेकोटीचे निखारे घमेल्यात घालून बंद तंबूत आणण्याचा मोह होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत जीव जातो.

आणखी एक. उसाच्या पट्ट्यात जाळी ही भिंत नव्हे. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागात बिबट्याचा वावर आहे, तो नाशिक शहरातही शिरला आहे. अशा ठिकाणी संध्याकाळची बैठक उजेडात आणि घराला लागून असावी, झोपायला घरातच जावे. बिबट्या दिसल्यास वन विभागाला १९२६वर कळवावे.

मग घ्यावा का, आणि कोणता?

घरात तान्हे बाळ असेल तर शिवलेल्या तळाची, स्प्रिंगची लहान जाळी पहिली घ्यावी. संपूर्ण घराच्या मोठ्या तंबूपेक्षा तिचा उपयोग रोजचा आहे. गच्चीवरच्या बैठकीसाठी झालर असलेला, चेनच्या दाराचा, एका माणसाला मिटवता येणारा तंबू पुरे. मळ्यात मुक्काम करायचा असेल तर अखंड तळाशिवाय दुसरा विचार करू नये. पैसे जपून वापरायचे असतील तर साध्या मांडवाच्या सांगाड्याला मापाची जाळी खालच्या झालरीसह शिंप्याकडून शिवून घेता येते. ती फाटली तर बदलताही येते.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारावेत : जाळी जमिनीला कशी मिळते, तळ शिवलेला आहे का, आणि पायांना वजन कुठे बांधायचे? उत्तर म्हणून पुन्हा छपराचाच फोटो आला, तर तो तंबू न घेतलेला बरा.