स्पर्धा बंद नको, मुदत वाढवा

माननीय संपादक,

‘ऑनलाइन स्पर्धा शहरी, इंग्रजी शाळांसाठीच’ हे आपल्या अंकातील मत वस्तुस्थितीला धरून नाही. शालेय विद्यार्थ्यांच्या नवकल्पनांसाठीच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेची नोंदणी ऑनलाइन असली तरी कल्पना मराठीतून मांडता येते, निवड झाल्यास 10,000 रुपये विद्यार्थ्याच्याच खात्यात जमा होतात.

अशा स्पर्धांनी मुलं एकलकोंडी होतात, असं म्हणता? 2025 च्या ‘विकसित भारत बिल्डेथॉन’ या शालेय नवकल्पना स्पर्धेसाठी 3 ते 5 जणांचा संघ लागत होता.

नेट रखडतं, खरं. त्यावर उपाय म्हणून मुदत वाढवावी, स्पर्धा कशाला बंद करायची?

आमच्याकडे पानपिंपळी ही औषधी वनस्पती आजही हातानं तोडतात. अशा स्पर्धेत त्यासाठी अवजार सुचवायला मळ्यात राबणाऱ्या पोरींपेक्षा जाणकार कोण? अमरावतीला एखाद्या विज्ञान प्रदर्शनाला जाण्याचा प्रवासखर्चही ज्यांना झेपत नाही, त्यांची ही संधी हिरावू नका.

— एक शिक्षिका, अंजनगाव सुर्जी